पश्चिमेला रंकाळा

भाऊबीजेच्या दिवशी दुपारी तीनच्या सुमाराला अण्णांच्या लक्षात आलं, की बायकोची बॅग भरलेलीच नाही.

खरं तर ते सकाळीच लक्षात यायला हवं होतं. पण अण्णा, म्हणजे वर्धमान मगदूम, वय सहासष्ट, दोन दिवस स्वतःच्या सामानात बुडाले होते. आणि प्रवासाला निघालेल्या नवऱ्याला बायको दिसते ती सुतळी कुठं ठेवलीय हे विचारण्यापुरती. पोहायचे दोन चष्मे, दुर्बीण, सायकलच्या नव्या ट्यूबा, होडी वल्हवताना घालायचं लालभडक जॅकेट, पक्ष्यांच्या नोंदीची वही, असं सगळं त्यांनी आपल्या हातानं गाडीच्या डिकीत रचलं होतं. उद्या पहाटे पाचला शाहूपुरीतून निघायचं, राधानगरीवरून फोंडा घाट उतरायचा आणि अकराच्या आत वेंगुर्ल्याच्या अलीकडच्या आपल्या घरात पोचायचं. दिवाळी झाली की खाली उतरायचं आणि पाऊस तोंडावर आला की वर यायचं, हा आता तीन वर्षांचा पायंडा होता.

त्या घराचं अण्णांना किती वेड होतं हे चौथ्या गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. चौतीस वर्षं साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत उसाचा रस तपासला, अंगाचा मळीचा वास साबणानं जाईना, तेव्हाच त्यांनी ठरवून टाकलं होतं की म्हातारपण खाऱ्या वाऱ्यात काढायचं. आणि ठरवल्यासारखं काढत होते. त्रेसष्टाव्या वर्षी पोहायला शिकले. सकाळी सहाला समुद्रात, आठला नाष्टा, मग 'सागरसोबती' नावाच्या निवृत्तांच्या टोळक्याबरोबर सायकलवरून दीपगृहापर्यंत. टोळक्याचे म्होरके विजयसिंह, निवृत्त फौजदार. ते शिट्टी वाजवत पुढं आणि बाकीचे सात-आठ पांढऱ्या केसांचे गडी मागं. रविवारी किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करायचं, पौर्णिमेला वाळूत बसून गाणी म्हणायची. भरती-ओहोटी तोंडपाठ झाली होती, समुद्रगरुड लांबून ओळखू येत होता, रक्तातली साखर उतरली होती, पोट आत गेलं होतं. माणूस दहा वर्षांनी लहान झाला होता, यात खोटं काही नाही. खोटं असलंच तर ते एका वाक्यात होतं. "पद्माला समुद्र लई आवडतोय," असं ते येईल त्याला सांगत, आणि पद्मावती शेजारी बसून पदराच्या टोकाशी चाळा करत असे.

बाहेरच्या खोलीत आक्का ओवाळणीचं तबक लावत होती. अण्णांची ही थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची, नवरा जाऊन वीस वर्षं झालेली. दर भाऊबीजेला कबनूरहून येणार म्हणजे येणार. सम्मेदनं, मुलानं, पाट मांडला होता; सून रुचिता पाटाभोवती रांगोळीचं बोट ओढत होती.

"पद्मा, तुझी बॅग दे की. डिकीत तेवढीच जागा ऱ्हायलीय, लावून टाकतो," अण्णांनी स्वयंपाकघराकडं तोंड करून हाक दिली.

पद्मावती निरांजन घेऊन बाहेर आली. ते तिनं आक्काच्या तबकात ठेवलं, वात बोटानं जरा पुढं ओढली.

"माझी बॅग न्हाय," ती म्हणाली.

"न्हाय म्हंजे? भरायची ऱ्हायलीय व्हय?"

"भरायचीच न्हाय. मी खाली येणार न्हाय आता. दिग्व्रत घेतलंय मी."

आक्काच्या हातातली सुपारी तबकात पडली. दिग्व्रत म्हणजे पेरू सोडला, वांगं सोडलं, असलं नव्हे. चारी दिशांना आपण कुठवर जाणार याची हद्द बांधून घ्यायची आणि मरेपर्यंत ती ओलांडायची नाही. मगदुमांच्या घरात तीन पिढ्यांत एकानंही हे घेतलं नव्हतं.

"कधी घेतलंस?" अण्णांचा आवाज चढला. "आणि मला न सांगता?"

"दशलक्षणात घेतलं, माताजींच्या समोर. आणि तुमच्या संमतीनं घेतलं. तुमीच दिलीसा की, भरल्या सभेत."

अण्णांनी तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं, कारण आठवलं. भाद्रपदातली, दशलक्षण पर्वातली ती सकाळ आठवली; चातुर्मासासाठी मंदिरात उतरलेल्या जैन साध्वी, माताजी, व्रतं देत होत्या. दरसाल चातुर्मासात पद्मावती काही ना काही सोडायचीच, त्यामुळं ती पुढं जाऊन बसली तेव्हा अण्णा पुरुषांच्या बाजूला मागं भिंतीला टेकले होते आणि मांडीवर फोन होता. विजयसिंहांनी नव्या होडीचा व्हिडिओ पाठवला होता. दोघांना शेजारी बसता येईल अशी होडी. माताजींनी विचारलं, "यजमान आलेत काय? त्यांची संमती लागेल." शेजारच्यानं कोपर मारलं. अण्णा फोन खिशात टाकत उठले, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "हाय की संमती, माताजी!" सभेनं जयजयकार केला. त्यानंतर दोन महिने लोक रस्त्यात थांबवून म्हणत होते, "अण्णा, मन लई मोठं तुमचं," आणि अण्णा म्हणत होते, "त्यात काय एवढं!" त्यांना वाटलं होतं, फार तर आंबा सोडला असेल.

"हद्द कुठवर बांधलीस?" आक्कानं विचारलं.

"पूर्वेला इचलकरंजी."

"म्हंजे कबनूर आत हाय का भाईर?"

"आत हाय, वन्सं. तुमच्याकडं यायला अडचण न्हाय. उत्तरेला वारणा. दक्षिणेला दूधगंगा."

"आणि पश्चिमेला?" सम्मेदनं विचारलं.

"पश्चिमेला रंकाळा," पद्मावती म्हणाली. "तेवढं पाणी बास हाय मला."

अण्णा पाटावर बसले, मग उठले, मग पुन्हा बसले. आयुष्यभर त्यांनी भांडणं गोडीत मिटवली होती. कारखान्यात संप झाला तरी कामगार त्यांचं ऐकायचे. त्यांनी तोच आवाज काढला.

"अगं पद्मा, पण तिथं तुला कमी काय हुतं सांग की. देव्हारा करून घेतला. पाणी गाळायला दोन-दोन कापडं लावली. मासळीचा वास येतोय म्हणालीस तर पुढच्या बाजूला भिंत घातली. आता यंदा तुला सवय..."

"हेच ते," पद्मावती म्हणाली. "आता तुमी समजूत काढाय लागला. लई भारी समजूत काढता तुमी. बेचाळीस वर्षं मी दरखेपेला पटवून घेतलंय. कारखान्याच्या कॉलनीत ऱ्हायचं, पटलं. सासूबाईंचं शेवटचं दुखणं मी काढायचं, पटलं. समुद्रावर घर बांधायचं, ते बी पटलं. मला तुमच्याशी बोलून निभत न्हाय. व्रताशी तुमी वाद घालणार न्हाईसा, म्हणून व्रत घेतलं."

"आई, पण एवढ्या टोकाला जायचं?" सम्मेद म्हणाला. तो बापाच्या बाजूनं सरकला होता, हे उघड होतं. आई-अण्णा खाली गेले की बाहेरच्या खोलीत रुचिताचे शिकवणीचे वर्ग सात महिने भरायचे, घरात हातपाय पसरता यायचे. मुलगा वाईट नव्हता. पण जागा सगळ्यांनाच लागते.

म्हणून तर रुचिता सासूच्या बाजूनं बोलेल अशी कुणाला अपेक्षाच नव्हती. ती रांगोळीची वाटी बाजूला सारून उभी राहिली.

"टोकाला त्या न्हाईत गेल्या," ती म्हणाली. "अण्णा, गेल्या फेब्रुवारीत तुमी सायकलवरनं गोव्याला गेलतासा. तीन दिवस."

"व्हय. मग?"

"पहिल्याच दिवशी सकाळी आई विहिरीच्या कट्ट्यावर पडल्या. साडेसातला पडल्या त्या दुपारी एकपर्यंत तिथंच."

"हात मुरगळलता की. तिनंच सांगितलं मला, हात मुरगळला म्हणून."

"हाड चिरलं हुतं. तिथल्या दवाखान्यातला एक्स-रे त्यांनी मला फोनवर पाठवला आणि शपथ घातली, घरात कुणाला सांगायचं न्हाय."

"रुचिता," पद्मावती म्हणाली, पण त्यात दटावणी नव्हती.

"सांगू दे की आई आता. किती दिवस पोटात ठेवायचं?"

अण्णा बायकोकडं बघत राहिले. पद्मावती भिंतीला पाठ लावून खाली बसली. बोलायला लागली ती जमिनीकडं बघत.

"धोंडुबाईनं उचललं मला. ती मासळीवाली. गेल्या वर्षी मी तिला सांगितलंतं, पाटी घेऊन आमच्या दारावरनं जाऊ नको, वास येतोय. तेव्हापासनं ती बिचारी मागच्या पाणंदीनं वळसा घालून जायची. विहीर मागं हाय. पुढनं गेली असती तर तिला माझी हाक गेलीच नसती. साडेपाच तास पडलेवते वो. समोर समुद्र दिसत हुता. भरती आली, ओहोटी लागली. सगळं बघितलं. हिकडं चौथ्या गल्लीत साधं शिंकलं तरी तिघी येऊन विचारतात. तिथं मी हाक मारतेय, आणि माझी भाषा कळणारं माणूस न्हाय, माझ्या देवाचं माणूस न्हाय. धोंडुबाईनं माशाच्या हातानं पाणी पाजलं. गाळलेलं न्हवतं. मी प्यायले."

"मला का सांगितलं न्हाईस?" अण्णांना स्वतःचाच आवाज परका वाटला.

"संध्याकाळी तुमचा फोन आलता. मी सांगणारच हुते. तर तुमीच आधी बोललासा. म्हणालासा, पद्मा, आयुष्यात एवढा सुखी मी कधी न्हवतो." पद्मावतीनं वर बघितलं. "मग काय सांगायचं?"

अण्णांना ते वाक्य आठवलं आणि शरमेनं त्यांचे कान तापले. पणजीच्या अलीकडं एका पुलावर ते थांबले होते, खाली नदी, वर ढग, पायांत सत्तर किलोमीटर. वाक्य मनापासूनचं होतं, आणि तिच्या मोडक्या हातावर ते धोंड्यासारखं पडलं असणार. आपण वाईट नवरा नाही, असं त्यांनी बेचाळीस वर्षं धरून ठेवलं होतं. आता त्यांना तसं वाटेना. तबकातलं निरांजन आपलं जळत होतं, आणि ओवाळून घ्यायला कुणी बसलेलं नव्हतं.

तेवढ्यात आक्का बोलली, आणि तिनं सगळ्यांचाच अंदाज चुकवला.

"वर्धमान, ऊठ. सदरा बदल. माताजींच्याकडं जाऊया."

"कशाला?"

"कशाला म्हंजे? त्या उद्या पहाटे विहार करणार. चातुर्मास संपला, आता कुठल्या गावी जातील कुणास ठाऊक. आज गाठलं तर गाठलं. संमती न ऐकता दिली म्हणून सरळ सांगून टाक. त्या काही तरी प्रायश्चित्त देऊन हिला मोकळी करतील."

पद्मावती थक्क होऊन नणंदेकडं बघायला लागली. "वन्सं, तुमी असं म्हणताय? लगीन होऊन आले तवापासनं मला उपास-व्रतं शिकवली ती तुमीच की."

"शिकवली. पण रुसवा माताजींच्या पिंछीमागं लपवायला न्हाय शिकवला," आक्का म्हणाली. "पडलीस, दुखलं, एकटी पडलीस, सगळं कबूल. नवऱ्याचा कान धरायचा. दोन दिवस जेवण करायचं न्हाय, ओरडायचं. त्याला व्रत कशाला? यात धर्म कुठाय?"

"कान धरून काय झालं असतं? त्यांनी समजूत काढली असती."

आक्का काठी घेऊन दाराकडं चालायला लागली, आणि अण्णा सदरा न बदलताच तिच्या मागोमाग गेले.

मंदिर दोन गल्ल्या पलीकडं. दिवाळीमुळं शाहूपुरीतली दुकानं निम्मी बंद होती, रस्त्यात फटाक्यांची लाल कागदं पडली होती. आक्का दर दहा पावलांना थांबायची. अण्णांना वाटलं दम लागतोय, पण ती रडत होती.

"आक्का, अगं काय झालं?"

"काय न्हाय." तिनं पदरानं नाक पुसलं. "तुला म्हणून सांगते. दोन वर्षं पौषात तुझ्याकडं येऊन ऱ्हायले ना, कबनूरला घरात सांगितलंतं की बाहुबलीला दर्शनाला चाललेय म्हणून. अरे, चाळीस वर्षं मी मागांची खटखट ऐकलीय. आधी नवऱ्याचे माग, मग पोराचे. झोपेत बी खटखट. तुझ्या त्या वाळूत पाय सोडून बसले तर कानात काहीच न्हाय, नुसता वारा. मला वाटलं, आता मेले तरी चालेल. पद्मा न्हाय आली तर तू एकटा कसा जाशील, आणि तू न्हाय गेलास तर मला कोण नेणार?"

अण्णांना बहिणीची कीव आली आणि थोडं बरंही वाटलं. म्हणजे आपल्या घरानं एका तरी बाईला सुख दिलं होतं. पण ते बरं वाटणं टिकलं नाही, कारण डोळ्यांसमोर विहिरीचा कट्टा येत होता. तो कट्टा त्यांनी स्वतः उभं राहून बांधून घेतला होता, समुद्र दिसावा म्हणून मुद्दाम मागच्या बाजूला.

माताजी सभामंडपात एका चौरंगावर बसल्या होत्या. पांढरं एकवस्त्र, शेजारी मोरपिसांची पिंछी आणि कमंडलू. चार-सहा बायका विहाराची तयारी बोलत होत्या. अण्णांनी "वंदामि माताजी" म्हणून लांबून नमस्कार केला आणि आक्कानं काठीनं ढोसल्यावर बोलायला सुरुवात केली.

"माताजी, माझ्या घरच्यांनी दिग्व्रत घेतलंय. पद्मावती मगदूम."

"आठवतात. संमती तुम्ही दिली होती."

"दिली, पण मी ऐकलं न्हवतं. माझं लक्ष न्हवतं. काय व्रत घेतलंय, मला आज कळलं."

बायका बोलायच्या थांबल्या. माताजींनी त्यांच्याकडं नीट बघितलं.

"मग तुमची संमती तुम्ही परत घ्या," त्या शांतपणे म्हणाल्या. "व्रत त्यांचं आहे. ते त्या पाळतील किंवा स्वतः येऊन सांगतील. संमती आम्ही मागतो ती घरात कलह नको म्हणून. तुम्हाला कुणी बांधलेलं नाही. तुम्ही मोकळे आहात, कुठंही जा."

बस, एवढंच. बायकोला सोडवायला गेलेले अण्णा स्वतःच सुटले. उद्या पहाटे पाचला निघायला त्यांना आता कुणाची हरकत नव्हती. होडी होती, सोबती होते, समुद्र जागच्या जागी होता. आणि नेमकं हेच त्यांना सोसवेना. बायको कट्ट्यावर पडलेली असताना जो माणूस पुलावर उभा राहून सुखी होता, तोच उद्या पुन्हा सायकलला हवा भरणार. नाही, ते जमायचं नाही. काही तरी भरून द्यायला हवं, आणि आत्ताच्या आत्ता. त्यागाचीही एक झिंग असते. चढली की माणसाला आपण फार उंच झाल्यासारखं वाटतं, आणि उंचावरून घरातली माणसं नीट दिसत नाहीत.

"माताजी," अण्णा म्हणाले, "मला बी तेच व्रत द्या. तिच्या हद्दीएवढंच."

"वर्धमान!" आक्का ओरडली.

माताजी म्हणाल्या, "घाई करू नका. हे जन्माचं आहे. घर जवळ आहे ना? विचारून या. मी इथंच आहे."

"विचारायचं काय त्यात, माताजी? तिला आनंदच होईल."

"त्यांची संमती आहे म्हणता?"

"हाय की," अण्णा म्हणाले.

त्यांनी नऊ वेळा णमोकार मंत्र म्हटला. पश्चिमेला रंकाळा, असं त्यांनी स्वतःच्या तोंडानं म्हटलं, तेव्हा दीपगृह, वाळू, विजयसिंहांची शिट्टी, सगळं एकदम आतून निखळल्यासारखं झालं. दुखलं, फार दुखलं, आणि त्या दुखण्यानंच त्यांना वाटलं की आता हिशेब बरोबर झाला. आक्का खांबाला टेकून खाली बसली होती. बायकांना वाटलं, बहिणीला धन्यता वाटतेय.

घरी परतताना अण्णा पुढं चालत होते. इतके ताठ ते कित्येक दिवसांत चालले नव्हते. दारात पोचताच त्यांनी हाक दिली, "पद्मा!"

पद्मावती स्वयंपाकघरातून आली. घरातलं वातावरण मघापेक्षा हलकं झालेलं दिसत होतं. सम्मेद आईशेजारी बसला असावा, त्याचे डोळे लाल होते. कोपऱ्यात अण्णांच्या प्रवासाचं खाणं बांधून ठेवलं होतं, दशम्या, शेंगदाण्याची चटणी, चिवडा. पद्मावतीनं बांधलेलं, व्यवस्थित, नेहमीपेक्षा जास्तच.

"ऐका," ती आधी बोलली. "मी रुचिताशी बोललेय. तिकडं धोंडुबाईची लेक सकाळ-संध्याकाळ येऊन तुमचं जेवण करील, मासळी न शिवता. मी तिला फोनवर सगळं सांगीन. तुमी काळजी..."

"आता त्याची गरज न्हाय," अण्णा म्हणाले. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उजळला होता. "मी बी व्रत घेतलं. तुझंच. तुझ्याच हद्दीचं. आता मी बी जाणार न्हाय. जन्मभर हितंच, तुझ्याजवळ."

सम्मेद उभाच राहिला. "अण्णा, काय बोलताय तुमी? आणि ते घर?"

"विकून टाकू."

पद्मावतीनं आक्काकडं बघितलं. आक्का उंबऱ्यातच बसली होती.

"माताजी म्हणाल्या वर्धमानला," आक्का दमलेल्या आवाजात म्हणाली, "घरी विचारून या, मी हितंच हाय. हा म्हणाला, विचारायचं काय त्यात."

पद्मावतीचा चेहरा अण्णा बघत होते. तो आता फुलेल, आता फुलेल, असं त्यांना वाटत होतं. पण तो हळूहळू मिटत गेला. ती दशम्यांच्या पुडक्याजवळ जाऊन बसली आणि त्यावरचा दोरा उगीच सोडायला लागली.

"तुला बरं न्हाय वाटलं?" अण्णांनी विचारलं.

"मी एकटी ऱ्हाणार हुते," पद्मावती म्हणाली.

"म्हंजे?"

"सात महिने. तुमी तिकडं, मी हिकडं. सकाळी देवळात जाणार, दुपारी वाटलं तर झोपणार, न्हाय वाटलं तर उगीच बसणार. रुचिताची पोरं शिकत्यात ते ऐकणार. वल्ली कापडं वाळत घालायची न्हाईत, 'पद्मा, हे बघ, पद्मा, ते बघ' न्हाय. संध्याकाळी तुमचा फोन येणार, काय-काय बघितलं ते सांगणार, आणि मी ऐकणार. खरं सांगते, मला ते ऐकायला आवडलं असतं." तिनं दोरा बोटाला गुंडाळला. "लगीन होऊन आले तवा घरात अकरा माणसं. मग पोरं, मग सासूबाई, मग तुमचं रिटायर होणं. बेचाळीस वर्षांत मी कधी सुखानं एकटी बसून जेवले न्हाय. दोन महिने मी दिवस मोजत हुते वो."

"मग... मग मला सांगायचं न्हाईस?"

"तुमी विचारलासा? माताजींनी तोंडानं सांगितलं, विचारून या. दोन गल्ल्या लांब हुतं घर."

"जाऊन परत सांगितलं तर?" सम्मेद हळूच म्हणाला. "अजून माताजी हाईत की."

"आणि काय सांगायचं?" आक्का फिस्कारली. "बायकोला मी नको हाय म्हणून व्रत मोडा? देवळात बायका हुत्या. आत्तापर्यंत सगळ्या शाहूपुरीत झालं असंल, नवरा-बायकोनं जोडीनं दिग्व्रत घेतलं म्हणून. आता मागं फिरलं तर दोघांच्या तोंडाला काळं."

ते खरं होतं. रुचिताचा फोन तेवढ्यात दोनदा वाजला, अभिनंदनाचा असावा. तिनं उचलला नाही. अण्णा बायकोसमोर खाली बसले. त्यांना तिचा हात धरावासा वाटत होता, आणि कुठला हात चिरला होता, उजवा की डावा, हेच त्यांना माहीत नव्हतं.

"पद्मा, मी तुझ्यासाठी केलं गं," ते म्हणाले. "माझं सगळं सोडलं मी."

"व्हय. कळतंय मला. तुमी लई चांगले हाईसा, सगळेच म्हणतात." पद्मावतीनं डोळे पुसले. रागाचा एक शब्द तिच्या तोंडून निघाला नाही, आणि अण्णांना पहिल्यांदाच वाटलं की ती रागावली असती तर किती बरं झालं असतं. "पण चारी बाजूंनी रेघ मारून मी एवढीच जागा मागून घेतलती. त्यात बी तुमी आलासा."

मग ती उठली आणि दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं व्हावीत म्हणून आत पानं मांडायला गेली.